अरे-तुरे

लढतीच्या आदल्या दिवशी बाबा वजन करायला क्लबात गेले, तेव्हा त्यांची बॅग घेऊन मुलगी सोबत होती. बाबा आणि काट्यापाशी उभा असलेला तो म्हातारा, तीस वर्षांपूर्वीचे दोन हाडवैरी, क्लबाच्या वर्धापनदिनी पुन्हा एकदा रिंगमध्ये उतरणार होते.

“अरे, काट्याला झेपेल का तुझं पोट?” बाबांनी सुरुवात केली.

“तू आपली हाडं मोज! तुझ्या ठोशाने आमच्या घरचा डास मरत नाही.”

“उद्या तुझी कवळी प्रेक्षकांत शोधावी लागेल, तेव्हा बोल.”

दोघे खोकला येईपर्यंत हसले. मग बाबांनी त्याचा दुखरा खांदा आपल्या हाताने चोळून दिला.

तिचा नुसता जळफळाट झाला. आई गेल्यापासून बापलेकीचं बोलणं पाहुण्यांसारखं, जपून चालायचं. “तुम्ही जेवलात ना?” “हो. तू झोप आता.” त्या म्हाताऱ्याला मिळणारी एक शिवी तरी आपल्या वाट्याला यावी, असं तिला कितीदा वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

तो म्हातारा धावत आला आणि उशाशी बसला. तोंडाचा एवढा फटकळ माणूस, पण त्याने नुसता बाबांचा खांदा चोळला.

“मला नाही जमत, पोरी,” तो म्हणाला. “आज तूच सुनाव त्याला.”

ती बाबांच्या कानाशी वाकली.



“अरे बाबा, घंटा व्हायच्या आधीच पळालास? भित्रा कुठला!”