मागचे यायचेत

पूलमावशीचे रोबो पुन्हा पुलाच्या मध्यावर मारले गेले. भिंतीएवढ्या पडद्यावर त्यांच्या डोळ्यांतले निळे दिवे एकेक करून विझले. पार्श्वसंगीतानं असा गळा काढला, की मागं उभ्या असलेल्या पोरापोरींनी नाकं पुसली. गेम त्यांनीच बनवला होता, तरी रोज रडायची. स्वतः केलेल्या भुताला स्वतःच घाबरावं, तशातली गत.

मावशी मात्र हातातला कंट्रोलर उलटासुलटा करून बघत होती. तिला दिलेली खुर्ची इतकी मऊ होती, की तीत बसलेला माणूस म्हणे पेन्शन लागल्यावरच उठतो.

“मावशी, डावा अंगठा पुढं दाबून धरायचा,” साहेब म्हणाले. साहेब म्हणजे त्या गेम कंपनीचे मुख्य. वयानं लहान, मनानं सरळ. मावशीचा चहाही त्यांनी स्वतः आणला होता. “मध्येच थांबलात की पलीकडचं दार बंद होतं. दार बंद झालं की गोळ्या.”

“कळतंय रे बाबा. जन्मभर शिलाईचं मशीन हाणलंय. अंगठ्याचं ते काय एवढं?”

“मग थांबता कशाला?”

“मागचे यायचेत.”

एके काळी असा कायदा होता, की नदीअलीकडच्या वस्तीनं पलीकडच्या शहरात दिवसभर राबावं आणि अंधार पडायच्या आत पूल ओलांडून परत यावं. राहायचं नाव काढू नये. तो कायदा मोडायला निघालेल्या मोर्चात मावशी सगळ्यांत पुढं होती. तिनं पाऊल टाकलं तेव्हा पुलाच्या खांबांनीही पाय उचलले होते, असं वस्तीत सांगतात. वस्तीच्या गोष्टीतून निम्मं वजा करावं. उरलेलं खरं असतं. त्या मोर्चावरच साहेबांनी गेम बेतला होता. फक्त माणसांच्या जागी रोबो घातले होते.

त्यावरून वस्ती बिथरली होती. आपलं रडं पत्र्यात भरून विकतात, असं जो तो म्हणत होता. म्हणून साहेबांना गेमच्या सुरुवातीला ‘पूलमावशींच्या आशीर्वादानं’ एवढी ओळ हवी होती. मावशीला घेऊन आला होता तिचा भाचा. तो तिथलाच चित्रकार, नोकरी अजून कच्ची. मावशीनं हो म्हटलं की नोकरी पक्की. नाही म्हटलं तर काय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. न सांगता कळण्याइतका तो शहाणा होता.

“पण आमच्या जागी ही पत्र्याची माणसं का?” मावशीनं विचारलं.

“खरी माणसं दाखवली की लोक भांडतात, मावशी. यंत्रासाठी सगळेच रडतात.”

“हे बाकी खरं. कारखान्यात मशीन बंद पडलं की मालक अनवाणी धावत यायचा. बाई बंद पडली की दुसरी बाई यायची.”

पोरं हसली. साहेबही हसले, पण जरा उशिरा.

भाचा तिच्या कानाशी वाकला. “मावशे, ने ना एकदाची पलीकडं. माझ्यासाठी.”

रोबो परत निघाले. मध्यावर येताच मावशीनं अंगठा उचलला. या वेळी तिनं पुढच्या रोबोला मागंही वळवलं. पुलाच्या पार मागच्या टोकाला धुरकट गर्दी होती. डावा पाय उचलत होती, उजवा फरफटवत होती. सगळ्यांची चाल एकच. पाय हलत होते, पण कुणी तसूभर पुढं सरकत नव्हतं.

“ही चाल कुणी काढली?”

भाच्यानं मान खाली घातली. “मी.”

“धाकटीची आहे.”

“हो.”

धाकटी म्हणजे मावशीची बहीण, भाच्याची आई. कारखान्यात पाय अडकल्यापासून ती जन्मभर तशीच चालली. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

“मावशी, दार बंद होतंय!” साहेब घाईघाईनं म्हणाले. “ते येणार नाहीत हो. त्यांना पुढं येताच येत नाही. एक चित्र काढलं आणि त्याचीच रांग लावली. तुम्ही पुढच्या चौघांना दारातून आत न्या, की कायदा रद्द, जिंकलात! मागं कुणी नाही. नुसती गर्दी आहे.”

गोळ्या सुटल्या. निळे दिवे विझले. या वेळी कुणी नाक पुसलं नाही, कारण मावशीनं कंट्रोलर चहाच्या कपाशेजारी ठेवून दिला होता.

“पुलावरचा अंमलदारही भोंग्यातून हेच ओरडत होता,” ती म्हणाली. “‘तुम्ही पुढच्या चौघी या, तुम्हाला राहायचा परवाना देतो. मागं कुणी नाही, नुसती गर्दी आहे.’ आम्ही चौघीही तिथंच खाली बसलो. मागचे येईस्तोवर.”

“आणि गोळ्या?” एका पोरीनं विचारलं.

“आल्या की. चौघींतली मी उरले.”

साहेबांचा चेहरा उतरला. “मागच्यांना पुढं आणायचं म्हणजे प्रत्येकाला वेगळा चेहरा, वेगळी चाल. सगळा गेम नव्यानं करावा लागेल, मावशी. नाही जमणार.”

“मग माझं नाव घालू नकोस.”

भाचा पांढराफटक पडला. साहेबांनी आवाज खाली आणला. “माझ्याही वरती माणसं आहेत, मावशी. मी त्याला फार दिवस सांभाळू शकणार नाही. तुम्ही भाच्याचा तरी विचार करा.”

मावशी उठायला गेली. खुर्ची सोडेना. भाच्यानं हात दिला. उभी राहिल्यावरही तिनं तो हात सोडला नाही.

“त्याचाच करतेय,” ती म्हणाली. “तेव्हाही त्याचाच केला होता. तुमच्या त्या नुसत्या गर्दीत माझी धाकटी होती, आणि तिच्या पोटात हा.”