मागची सीट

"दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या, दोन्ही जुन्या. मग फरक काय?" मुलाने विचारलं आणि निळ्या गाडीच्या माहितीचा कागद आबांच्या मांडीवर ठेवला. पांढरी देऊन ही घ्यावी असं त्याच्या मनात होतं.

आबा खुलले. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून तिसऱ्या मजल्यावरची खोली आणि खिडकीतून दिसणारी शेजारची भिंत एवढंच त्यांचं जग उरलं होतं. त्या भिंतीचा त्यांना मनापासून वैताग यायचा. सुटका फक्त शनिवारी. मुलगा टेकडीवरच्या मनोऱ्याची यंत्रं तपासायला निघाला की आबांना धरून जिना उतरवायचा आणि पांढरीत बसवायचा. पुढची सीट रिकामी असली तरी मागेच, पाय ऐसपैस पसरता यावेत म्हणून. उन्हाळ्यात तेवढं नेत नसे; ऊन बाधेल म्हणायचा. मध्ये आजारपणात आबा खंगले, तेव्हा त्याने बायकोला बजावलं होतं, "यांचं वजन भरून निघालं पाहिजे." असा मुलगा नशीबवानालाच मिळतो, असं आबा फोनवर बहिणीला सांगत.

त्यांनी चष्मा लावला.

"पांढरीची ताकद जास्त, डिकी मोठी. पण इंजिन पुढे. चढावर चिखल असला की मागची चाकं जागच्या जागी फिरतात. आपण दोनदा अर्ध्यातून परतलो, आठवतं?"

"विसरेन कसा?"

"निळीचं इंजिनच मागे. ताकद कमी, आवाज फार, डिकी नावाला. पण भार सगळा मागच्या चाकांवर. भर पावसात चढेल."

"हिला पांढरी सोडवत नाही, आबा."

"तिला म्हणावं, नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे."

प्रश्न खरं तर शनिवारचा होता. वाया गेलेले ते दोन शनिवार आबांना अजून सलत होते.

निळी आली. शनिवारी आबा सकाळपासून बूट घालून पलंगाच्या कडेला बसले होते. बाहेर पाऊस लागला होता. मुलगा किल्ली घेऊन आत आला.

"काल चढावर नेऊन पाहिली. चाक जरासुद्धा घसरलं नाही. तुमचं ऐकलं ते बरं झालं."

आबा काठी घेऊन उठू लागले. मुलाने त्यांना हलकेच परत बसवलं आणि खाली वाकून त्यांच्या बुटाची नाडी सोडली.

"सुटलात तुम्ही, आबा. आता मागे वजन म्हणून तुम्हाला न्यायला नको."