मयतीचं पाणी

गावातले व्हॉल्व दिल्लीच्या यंत्रणेने ताब्यात घेतले आणि ग्रामपंचायतीचं पाणी सोडणारा गेनू ढोले बत्तीस वर्षांनी घरी बसला. भांडणं मात्र कमी झाली, हे तोही कबूल करायचा.

एकच गोष्ट त्याला खटकायची. मयत झाली की तो पाळी मोडून त्या आळीला पाणी सोडायचा. स्मशानातून आलेल्यांना आंघोळ नको का? दिल्लीला हे कोण सांगणार?

"कळवू की," सरपंच शकुंतलाबाई म्हणाल्या. त्यांनी अर्ज केला आणि आठवड्यात तो मंजूर झाला. प्रत्येकाच्या मनगटावरच्या पट्टीतून नाडीचे ठोके दिल्लीला जातच होते, त्यामुळे मयत कळवायचीही गरज नव्हती.

पहिल्या मयतीला लोक परतले तेव्हा नळ सुरू होते. दुसऱ्या वेळी पाणी तिरडी बांधतानाच आलं. जनाआत्या गेली त्या दिवशी तर ते तिचा जीव जाण्याआधी तासभर आलं होतं.

"तुमच्याहून तरबेज निघाली की दिल्ली, गेनूभाऊ," शकुंतलाबाई म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी गेनू अंगणात दाढी करत होता. त्याच्या आळीची पाळी गुरुवारची, तरी नळाला पाणी आलं. त्याने आरसा खाली ठेवला आणि आळीतली घरं एकेक करून आठवली. सगळीकडे तरणी माणसं होती. म्हातारा तो एकटाच.

"अहो, आज कसं काय पाणी?" कौसल्याने दारातून विचारलं.

गेनूने उरलेली दाढी नीट उरकली.

"सगळे हंडे भरून घे," तो म्हणाला. "माणसं येतील."