पाहिलेली कुऱ्हाड

गाणं पुन्हा त्याच ओळीवर आलं आणि चन्नबसप्पांनी तराजूतली साखर परत पोत्यात ओतली.

"आप्पा, तिसऱ्यांदा ओतली," समोरचं गिऱ्हाईक म्हणालं. "साखर देता का नुसता वास देता?"

चन्नबसप्पा हसले नाहीत. बुधवारचा बाजार होता. दुपारचे साडेतीन झाले होते. दुकानासमोरच्या चौकात हलगी कडाडत होती आणि बुद्धप्रिया गात होती:

आधी विचारली वस्ती आमची, मागून विचारलं नाव,
कुऱ्हाड पुरली कोणत्या हातानं, बोल की रं तू गाव!

तिचा भाऊ रविकिरण सात वर्षांपासून तुरुंगात होता. मळ्यातल्या राखणदाराच्या खुनासाठी जन्मठेप. प्रेत सापडलं त्या दिवशी पोलिसांनी बौद्धवस्तीतली पाच पोरं उचलली. दुसऱ्या कुठल्या गल्लीत जीप शिरली नाही. चौघांना सोडलं, एकाला ठेवलं. त्यानं दाखवलेल्या जागेतून, तुरीच्या रानातून, दोन पंचांसमोर कुऱ्हाड काढली, असं कागदावर होतं. एक पंच पुढं वारला. दुसरे चन्नबसप्पा.

खुनाच्या दिवशी आपण अर्धापूरला केळीचे घड भरत होतो, असं रविकिरण पहिल्यापासून सांगत होता. कुणी मानलं नाही. गेल्या दिवाळीनंतर ठेकेदाराच्या जुन्या मोबाइलमध्ये त्या दिवसाचा फोटो निघाला. ट्रकवर उभा रविकिरण, खांद्यावर घड. तेव्हापासून बुद्धप्रिया नांदेडपासून लातूरपर्यंत गावोगाव हे गाणं गात होती. वरच्या कोर्टात अपील होतं. पण एका फोटोनं ते हलत नव्हतं. कुऱ्हाड आडवी येत होती.

"पंच विकले गेले!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

बुद्धप्रियानं हात वर केला. हलगी थांबली.

"पंचांना नावं ठेवायची न्हाईत," ती माईकवर म्हणाली. "त्यांनी डोळ्यानं पाहिलं ते सांगितलं. पुरली कुणी, ते इचारा."

"शटर ओढा अन् आत या," त्यांच्या बायको शांतम्मा आतून म्हणाल्या. चन्नबसप्पा जागचे हलले नाहीत. त्या पोरीनं शिवी दिली असती तर ते आत गेले असते.

दुकान ठाण्यासमोर. पंच लागला की जमादार रस्ता ओलांडून यायचे. चन्नबसप्पांचा नेम होता, काटा थरथरायचा थांबल्याशिवाय पुडी बांधायची नाही. गावात कुणाला खरं बोलायला लावायचं तर लोक म्हणत, "चल, आप्पाच्या काट्यावर हात ठेव." असा माणूस पोलिसांनाही हवाच होता.

त्या दिवशी अमृतराव जमादार कुऱ्हाडीच्या पंचनाम्याचा कागद लिहूनच आले. "ऊन लई हाय, आप्पा. तीन किलोमीटर ढेकळं तुडवत कशाला येता? आम्ही काढली म्हंजे निघालीच की." चन्नबसप्पांनी गल्ल्यावर कागद ठेवला, चष्मा पुसला आणि सही केली. जमादारांना चहा पाजला.

वर्षभरानं कोर्टात वकिलानं विचारलं, कुऱ्हाड तुमच्यासमोर निघाली का? नाही म्हणावं तर सही खोटी. सही खोटी, तर काटाही खोटा. ते "होय" म्हणाले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी रविकिरणची आई, सिंधुबाई, मीठ न्यायला आली होती. तिनं मान वर केली नाही. पुढंही ती यायची ती तशीच, खाली बघत. बाजारात आणखी चार दुकानं होती, पण ती इथंच यायची. हिला सगळं कळलंय, असं चन्नबसप्पांनी धरलं होतं. ती दिसली की ते पाठ फिरवून मिठाच्या पोत्याकडं वळायचे. गेल्या उन्हाळ्यात ती वारल्याचं कळलं तेव्हा त्यांना हलकं वाटलं. त्या हलकेपणाची लाज मात्र अजून गेली नव्हती.

गाणं संपलं. माणसं पांगली. बुद्धप्रिया रस्ता ओलांडून दुकानाच्या पायरीवर आली.

"आप्पा, खडीसाखर द्या थोडी. घसा पार गेला."

चन्नबसप्पांनी बरणीचं झाकण काढलं. पारड्यात चार खडे टाकले. काटा थरथरत राहिला. त्यांनी तराजू बाजूला सारला.

"पोरी, तुझं गाणं चुकलंय."

"कुठं?"

"कुऱ्हाड कुणी पुरली, ते मला कसं ठाऊक असंल? ती होती का न्हाई, हेच मला ठाऊक न्हाई. मी त्या रानात गेलोच न्हाई. सही इथं केली, ह्या गल्ल्यावर. अन् कोर्टात खोटं बोललो."

साखरेचं गिऱ्हाईक रिकामी पिशवी धरून तसंच उभं होतं. शांतम्मा दारात आल्या होत्या.

"तुझ्या वकिलाला आज सांग," चन्नबसप्पा म्हणाले. "लिहून देतो. पुन्हा उभा राहतो. मला आत टाकलं तर टाकू दे."

बुद्धप्रियाचे डोळे तराजूवर होते.

"तुझ्या मायनं वळखलं होतं," ते म्हणाले. "म्हणून तर ती माझं तोंड बघत नव्हती."

"न्हाई, आप्पा." ती म्हणाली. "माय मरेपर्यंत एकदाबी दादाला भेटायला गेली न्हाई. म्हणायची, पोलिसावर माझा इश्वास न्हाई, कोर्टावर न्हाई. पण आप्पांनी पाहिलंय म्हणल्यावर माझ्याच पोरानं केलं आसंल. आता कोणत्या तोंडानं आप्पाकडं बघू?"