चटका

गमावलेल्या हाताच्या जागी यंत्राचा हात बसवल्यापासून शेवंताआक्का तव्यावरची भाकरी उलथण्यानं उलटायच्या आणि चिडायच्या. त्या हाताला ऊनगार काही कळतच नव्हतं.

सुट्टीला आलेल्या भाचीनं, केतकीनं, हात लॅपटॉपला जोडला आणि ती हसत सुटली. "आत्या, बोटांतले सेन्सर चालवणारा नवा ड्रायव्हर प्रोग्राम कंपनीवाल्यांनी जुन्या कर्नलच्या, म्हणजे हाताच्या जुन्या मूळ प्रणालीच्या, फोल्डरमध्ये टाकलाय! चालू कर्नल तिकडे बघतच नाही."

"टेम्पोवाल्यानं सामान जुन्या घरी उतरवलं म्हण की!"

"अगदी तसंच." केतकीनं ड्रायव्हर योग्य फोल्डरमध्ये हलवला आणि हात पुन्हा सुरू केला.

आक्कांनी उलथणं बाजूला सारलं, बोटांनीच भाकरी उलटली आणि त्या ओरडल्या, "आई गं! भाजलं!"

केतकी घाबरली. "थांब, बोटांची जाणीव जरा कमी करते."

धातूच्या बोटांवर फुंकर घालत आक्का हसल्या. "खबरदार, आता याला हात लावशील तर!"