शेवटची जागा

"एकटीच आहेस तर सगळ्यांचे ठेके तूच मार. बघणाऱ्यांना काय कळतंय?" निशिकांतदादा म्हणाला. सिंगापूरच्या तुआस भागातल्या कारखान्यातून तो तसाच आला होता, जाडजूड सेफ्टी शूज घालून.

"दुसऱ्याची जागा भरायची नाही, हा नियम तूच घातलास ना, दादा?" मैत्रेयीनं निळ्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि ती विद्यापीठाच्या कॅन्टीनसमोर उभी राहिली.

हे नाचणं त्यानंच आणलेलं. अमेरिकेत शिकताना काळ्या विद्यार्थ्यांच्या एका बंधुमंडळानं त्याला आपल्यात घेतलं होतं; रांगेत उभं राहून पाय आपटत, टाळ्या वाजवत ताल धरायला त्यांनीच शिकवलं. सिंगापुरात आल्यावर त्यानं इथं आपल्या पोरांचं मंडळ उभं केलं. दर भीमजयंतीला सहा जणांची रांग, प्रत्येकाचा ठेका वेगळा, आणि शेवटची जागा नव्यानं आलेल्याची. यंदा बाकीचे शिकून पांगले. आज कार्यक्रम झाला नसता तर विद्यापीठ मंडळच मोडीत काढणार होतं.

नवीन कुणी आलंच नव्हतं असं नाही. तिच्या लॅबमध्ये नागपूरचा राजस आला होता. पण आडनाव सांगायची वेळ आली की त्याला नेमका खोकला यायचा. "ताई, इथं तरी नको ना ते सगळं," म्हणून त्यानं हात झटकले होते. तरी लॅबच्या गच्चीवर ती सहाही जणांचे बोल तोंडानं म्हणत सराव करायची, तेव्हा तो दाराआड रेंगाळायचा. आत्ताही जिन्यावर कॉफी घेऊन उभा होता. मैत्रेयीला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

"जय भीम!" ती ओरडली. पहिल्याचा ठेका मनातच मोजला. मग आपला मारला. धप, धप, टाळी. पुढच्या चौघांसाठी ती गप्प उभी राहिली.

"फिनिश ऑलरेडी, इज इट?" कुणीतरी सिंगापुरी इंग्रजीत विचारलं. हशा पिकला. तिचे कान तापले, पण ती जागची हलली नाही. पाळी आली तशी पुन्हा धप, धप, टाळी. पुन्हा तीच शांतता. आता कुणी हसलं नाही.

तिसऱ्या फेरीला तिच्या डावीकडे जड बूट आपटले. निशिकांतदादा आपल्या जुन्या, पहिल्या जागी येऊन उभा होता. गुडघ्याची कळ त्याच्या तोंडावर दिसत होती.

"माझ्याकडे काय बघतेस? तुझी पाळी!" तो खेकसला.

तिनं आपला ठेका मारला. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे रिकामे गेले. आणि रांगेच्या टोकाला, जिथं नव्या माणसानं उभं राहायचं, तिथं टाळी वाजली. घाबरत, जरा उशिरा.

राजस उभा होता. कॉफीचा कप त्याच्या पायाशी होता.

"राजस गजभिये," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. खोकला आला नाही.

मैत्रेयीनं मान वळवली नाही; वळवली असती तर तिला रडू फुटलं असतं.

"ठेका चुकलास," ती म्हणाली. "चला, पुन्हा पहिल्यापासून."