जुन्या फॉन्टमधल्या कथा

"अहो, गद्रेभावजींना बसू द्या," म्हणत मालतीने मला माझ्याच खुर्चीवरून उठवलं. आमच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकल्यापासून शेजारचे गद्रे रोज दुपारी तिची शिकवणी घेत. चाळीस वर्षांत माझी एकही कथा न वाचलेली मालती त्यांनी लिहून दिलेल्या कमांड मात्र पाठ करी.

जुन्या फॉन्टमधल्या माझ्या कथा लिनक्सवर उघडल्या, तेव्हा अक्षरांऐवजी नुसत्या खुणा दिसल्या. मला मनातून बरंच वाटलं. गद्रे गेल्यावर म्हणालो, "बघ तुझ्या भावजींचं लिनक्स."

"ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. म्हणूनच मराठी टायपिंग शिकतेय त्यांच्याकडून," ती म्हणाली. तिच्या मांडीवर माझ्या कथांचे छापील कागद होते. "अकरा कथा पुन्हा टाइप करून झाल्या. बाराव्या कथेत ती बाई उगाच मारलीत हो."